कारंज्याचे जुने वाडे



दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या या अंगणात पाणी शिंपून, सतरंज्या अंथरून आपण बसलो आहोत. वसंतातल्या अशा सायंकाळी वक्त्याने श्रोत्यांना दूरदेशी फिरवून आणावे असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आपणांस आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी नेणार आहे. वाशिमहून निघावे, मंगरूळपीर मागे टाकावे, की मोटार दीड-दोन तासांत तेथे पोचते. बाजाराला, लग्नकार्याला, गुरुमंदिरी दर्शनाला आपण या कारंजा गावी अनेकदा गेला असाल. पण आपले काम उरकून परतताना तेथल्या जुन्या गल्ल्यांतून, मान वर करून, किती जण हिंडले असतील? मी स्वतः आयुष्याची चाळिशी उलटेपर्यंत हिंडलो नव्हतो, हे आधीच कबूल करतो. दुरून आलेला पाहुणा जे पाहतो ते आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यावरून रोज जातो.

या गावाच्या नावातच त्याचा अर्धा इतिहास आहे. करंज ऋषींनी येथे तप केले, त्यांची व्याधी देवीच्या कृपेने येथल्या पाण्याने गेली, म्हणून हे कारंजा, अशी गावची आख्यायिका आहे. ऋषितलाव तिची साक्ष म्हणून दाखवतात. पुढे गुजरातेतून, म्हणजे जुन्या लाट देशातून, आलेल्या लाड लोकांच्या वस्तीमुळे ते कारंजा लाड झाले. मुसलमानी अमदानीत तेच बीबीचे कारंजा म्हणूनही ओळखले जाई. कोण्या राजकन्येला ते आंदण मिळाले होते असे सांगतात. एका गावाला ऋषीचे, व्यापाऱ्याचे आणि बेगमेचे अशी तीन नावे चिकटली आणि गावाने तिन्ही जपली. वऱ्हाडी माणूस सहसा काही टाकून देत नाही, याचा हा एक पुरावा समजावा.

गावाला तट होता. आज त्याचे अवशेष आहेत. पण वेशींची नावे लोकांच्या तोंडी अजून जिवंत आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. या चार नावांवर क्षणभर थांबा. एका वेशीला हिंदुस्थानच्या राजधानीचे नाव आणि दुसरीला जवळच्याच पोहा गावाचे. ज्या बाजारात पोह्याच्या शेतकऱ्याची गाडी आणि दिल्लीकडचा तांडा एकाच सकाळी उतरत असेल, त्याच गावाला आपल्या वेशींना अशी नावे द्यावीशी वाटणार. भूगोलाच्या पुस्तकात व्यापारी मार्गांचे नकाशे असतात; कारंज्याने तो नकाशा आपल्या दरवाजांवरच लिहून ठेवला.

आता वेशीतून आत जाऊ. जुन्या वाड्याची रचना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. पण मागे बसलेली मुले नव्या घरांत वाढलेली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्याकडची भिंत जाड आणि जवळजवळ आंधळी, खिडक्या थोड्या आणि उंचावर. मोठ्या दरवाजाच्या फळीत लहानसा दिंडी दरवाजा. त्यातून आत येणाऱ्याला मान लववावीच लागते. मग देवडी, पुढे चौक, चौकाच्या भोवती ओसऱ्या. सागवानी खांब, त्यांच्या माथ्यावर कोरीव काम, वर तुळया आणि कडीपाट, त्यावर मातीचे धाबे. आत माजघर, भिंतीच्या पोटात धान्याचे बळद, कोठे तळघर. चौकात ऊन येते, पाऊस येतो, चिमण्या येतात. बाहेरची धूळ मात्र सहसा येत नाही. आपल्या उन्हाळ्याशी झगडा न करता त्याच्याशी नांदावे कसे, याचे उत्तर या बांधणीत आहे. जाड भिंत दिवसाची उष्णता दुपारभर अडवून धरते आणि मोकळा चौक ती रात्री आकाशात सोडून देतो. आपल्या सुतारा-गवंड्यांनी हे शास्त्र पुस्तकातून शिकलेले नव्हते.

या वाड्यांतल्या एकाची कथा साऱ्या वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. ती कस्तुरीच्या हवेलीची. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावोगाव हिंडत कारंज्यास आला. एवढा माल एकरकमी घेणारा धनी त्याला कोठेच भेटला नव्हता आणि तो ते चारचौघांत बोलून दाखवीत होता. गावचे लेकुर संघई यांचे तेव्हा घर बांधणे चालले होते. गावाची अब्रू जाते असे पाहून त्यांनी सगळी कस्तुरी विकत घेतली, दाम मोजले आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत ती बांधकामाच्या गाऱ्यात ओतावयास सांगितली. पहिल्या पावसात भिंती ओल्या झाल्या की दरवळ सुटे, असे सांगणारे सांगतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने या कथेचे काय करावे? ती खरी मानून डोळे विस्फारावेत, की खोटी ठरवून सोडून द्यावी? मला दोन्ही मार्ग सारखेच आळशी वाटतात. आख्यायिका घटनेचा पुरावा होत नाही. पण सांगणाऱ्यांच्या मनाचा पुरावा ती निश्चित होते. या गोष्टीत राजा नाही, लढाई नाही, चमत्कारही नाही. एका सावकाराची पत आणि गावाची अब्रू एवढाच तिचा विषय आहे. ज्या गावाने ही कथा जपली, त्या गावाला आपल्या पेठेच्या पतीचा अभिमान इतर गावांना आपल्या किल्ल्याचा असतो तितकाच होता. शीलविजय नावाचे एक श्वेतांबर जैन साधू सतराव्या शतकात तीर्थयात्रा करीत दक्षिणेत उतरले होते. त्यांच्या तीर्थमालेत कारंज्याच्या बघेरवाल ज्ञातीतल्या भोज संघवी यांच्या वैभवाची आणि दानशीलतेची वाखाणणी आहे. म्हणजे कस्तुरीची गोष्ट कशीही असो, कस्तुरी परवडावी असे धनिक येथे होते, याबद्दल शंका नको.

आणि याच संपत्तीने १६७० साली गावावर संकट ओढवून आणले. त्या वर्षी ऑक्टोबरात शिवछत्रपतींनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. वर्ष सरता सरता मराठी फौजा बऱ्हाणपुराजवळून वेगाने वऱ्हाडात उतरल्या आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता कारंज्यावर येऊन कोसळल्या. उंची कापड, सोने, चांदी अशी सुमारे एक कोटी रुपयांची लूट चार हजार बैलांवर आणि गाढवांवर लादून नेली, असा तपशील सर जदुनाथ सरकार यांनी समकालीन पत्रव्यवहाराच्या आधारे दिला आहे. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी बरोबर नेले. त्यांच्यातला सर्वांत मोठा तेवढा बायकी वेष घेऊन निसटला. स्त्रियांच्या अंगाला हात लावावयाचा नाही, हा महाराजांच्या फौजेचा कडक दंडक होता आणि तो शत्रूच्या मुलखातल्या सावकारालाही पक्का ठाऊक होता! महाराजांच्या शिस्तीची याहून मोठी पावती कोणी बखरकाराने दिली असेल असे मला वाटत नाही.

हा प्रसंग शाळेत शिकवताना मला नेहमी एक अडचण येई. कारंजा तेव्हा मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातले गाव. तेथली संपत्ती म्हणजे बादशाही वसुलाची एक नाडी. ती तोडणे हे स्वराज्याच्या दृष्टीने युद्धकर्मच होते. हे मी मुलांना सांगे आणि ते खरेही आहे. पण एकदा कारंज्याच्याच एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग त्या दिवशी आपण कोणाकडून होतो?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. ज्यांची बाजू आपण मनाने घेतो ते फौजेतले होते, आणि ज्यांच्या घराचे कुलूप तुटले ते आपले गाववाले होते. इतिहास वाचताना दोघांचेही ऐकून घेता आले पाहिजे, एवढेच उत्तर मी त्याला देऊ शकलो. आज यापेक्षा चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

लुटीने गाव संपले नाही. पुढे वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल चालला. १८०३च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. धनी बदलत गेले आणि पेठ चालत राहिली.

पण कारंज्याचे खरे धन तिजोरीत नव्हते, हे जगाला विसाव्या शतकात कळले. येथे दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत: बलात्कार गणाचे, सेन गणाचे आणि काष्ठा संघाचे. काष्ठा संघाच्या मंदिरातले लाकडावरचे कोरीव काम ज्याने पाहिले नसेल त्याने मुद्दाम जाऊन पाहावे. या परंपरांचे भट्टारक येथे गादी करून राहत. विद्याधर जोहरापूरकर यांचा 'भट्टारक संप्रदाय' हा १९५८ साली सोलापूरहून प्रसिद्ध झालेला ग्रंथ पाहिला, तर त्यात कारंज्याच्या गादीला किती मोठे स्थान आहे ते कळते. व्यापारी द्रव्य देई, लेखनिक नकला करी आणि पोथ्या बासनांत बांधून भांडारात ठेवल्या जात. लुटीतून आणि अमलांच्या बदलातून ती बासने वाचली. लुटणाऱ्याला त्यांची किंमत नव्हती, हेच त्यांचे कवच ठरले.

रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची तयार केली. ती १९२६ साली नागपुरास प्रसिद्ध झाली आणि कारंज्याच्या भांडारांतली संपत्ती विद्वानांच्या नजरेस आली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन हे दुसरे हिरालाल. त्यांनी या बासनांवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांतून कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' आले. १९३३ साली हिरालालजींनी संपादिलेले 'णायकुमारचरिउ' आले. या दोन्ही काव्यांचा कर्ता पुष्पदंत हा दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत राहत होता. १९३४ साली मुनी कनकामराचे 'करकंडचरिउ' प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे.

हे ग्रंथ अपभ्रंश भाषेतले. अपभ्रंश म्हणजे अशुद्ध बोली असा समज करून घेऊ नका. प्राकृत आणि आजच्या देशी भाषा यांच्या मधली ती पायरी होय. मराठी कशी घडली असेल याचा विचार करणाऱ्याला ही पायरी चढल्यावाचून गत्यंतर नाही. ती पायरी जगाला जिथून दिसली, अशा मोजक्या ठिकाणांत आपल्या जिल्ह्यातले हे कापसाच्या बाजाराचे गाव आहे. कस्तुरी भिंतीत घातली ती गेली. बासनांत बांधलेली शाई मात्र उरली.

कारंज्याचे आणखी एक घर साऱ्या महाराष्ट्राच्या वंदनाचे आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म करंजनगरी झाला असे गुरुचरित्र सांगते, आणि हेच ते गाव अशी श्रद्धा आहे. काळे घराण्याचा तो वाडा पुढे दुसऱ्या घराण्याकडे गेला. टेंबेस्वामी म्हणजे श्रीवासुदेवानंदसरस्वती यांनी या स्थानाची ओळख लोकांना करून दिली आणि ब्रह्मानंदसरस्वती यांच्या प्रयत्नाने १९३४ साली गुरुमंदिर उभे राहिले. म्हणजे पुष्पदंताच्या काव्यांची मालिका आणि गुरुमंदिर ही एकाच पाच-सात वर्षांच्या काळातली कामे. एका गावात, एकाच पिढीत, दोन निरनिराळ्या परंपरांना आपल्या जुन्या घरात काय ठेवले आहे याची आठवण झाली.

आता क्षणभर सातासमुद्रांपलीकडे चला. अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नदीच्या उंच काठावर नॅचेझ नावाचे गाव आहे. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले. त्यापूर्वी कापसाच्या मळेवाल्यांनी तेथे टोलेजंग घरे बांधली होती आणि त्यांतली पुष्कळशी अजून सुस्थितीत आहेत. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, गावच्या स्त्रियांच्या बागमंडळाने ही घरे वसंत ऋतूत पाहुण्यांना उघडून दाखवावयास आरंभ केला आणि त्या उपक्रमाला यात्रा असेच नाव दिले. त्यांचा वसंतोत्सव घरे दाखवण्याचा, आपला व्याख्याने ऐकण्याचा!

त्यांतल्या लाँगवुड नावाच्या अष्टकोनी घराची हकीगत ऐकण्यासारखी आहे. हॅलर नट या मळेवाल्याने ते १८६० साली बांधावयास घेतले. कारागीर उत्तरेकडून आणले होते. दुसऱ्या वर्षी युद्ध सुरू झाले, कारागीर हत्यारे टाकून घरी गेले आणि वरचे मजले जे अर्धवट राहिले ते आजपर्यंत तसेच आहेत.

या यात्रेत अनेक वर्षे पाहुण्यांना दिवाणखाने, झुंबरे आणि घेरदार झग्यांतल्या यजमानिणी दाखवल्या जात. ज्या गुलामांनी तो कापूस वेचला त्यांच्याबद्दल फारसे कोणी बोलत नसे. त्याच गावाच्या कडेला तिठ्यावर गुलामांचा मोठा बाजार भरत असे. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी तो एक. त्या जागेचे स्मरण व्हावे यासाठी लोकांना पुष्कळ काळ झगडावे लागले, तेव्हा कोठे अलीकडे ती राष्ट्रीय उद्यानाच्या कक्षेत आली. घरे जपणे सोपे असते. घरांची पूर्ण हकीगत सांगणे अवघड असते, हे नॅचेझने दाखवून दिले.

परक्या गावाची ही गोष्ट मी का सांगतो? कारण तिची दोरी आपल्या अंगणापर्यंत आली आहे. त्या युद्धाने अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि लँकाशायरच्या गिरण्यांना माल मिळेना. तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव कडाडले. १८६५ साली युद्ध संपले आणि ते कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. पण वऱ्हाड जगाच्या बाजाराला जे जोडले गेले ते जोडलेच राहिले. १८६७ साली मुंबईहून आगगाडी नागपुरास पोचली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळास अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, ती मुख्यतः कापसासाठी. आपली शकुंतला ती हीच. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनले होते आणि त्याने १९९४पर्यंत ती गाडी ओढली. कापूस जाणार मँचेस्टरकडे आणि त्याला ओढणारे इंजिनही मँचेस्टरचे! पुढे ती गाडीही थांबली.

कापसाच्या या पैशाने वऱ्हाडातल्या पेठांत पुष्कळ घरे उठली किंवा नव्याने सजली. आपल्या शेतकऱ्याची स्थिती गुलामाची नव्हती. तशी तुलना करणे दोघांवरही अन्याय होईल. तथापि ज्या वर्षी ओसरीचे खांब कोरले गेले त्या वर्षी पोह्याच्या वेशीतून आलेल्या गाडीवानाच्या हाती कर्ज फेडून काय उरले, हा प्रश्न आपण विचारावयास हवा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली, तेव्हा या बळदांत किती धान्य होते? कापूस वेचणाऱ्या बायका, चुना कालवणारे, विटा भाजणारे, तुळया चढवणारे यांची नावे कोणत्या खांबावर आहेत? वाड्याला नावे ठेवण्यासाठी मी हे विचारीत नाही. वाडा उभा असला तरच हे प्रश्न विचारता येतात. तो पडला की धन्याची कीर्ती जाते आणि मजुराची साक्षही जाते.

आणि वाडे पडत आहेत. काही वर्षांमागे अशाच एका गल्लीतून जाताना मी एक जुना वाडा उतरवताना पाहिला. चौकात खांब आडवे निजवले होते, त्यांच्यावर खडूने आकडे घातले होते आणि बाहेर मालमोटार उभी होती. सागवानाला गिऱ्हाईक दूरच्या शहरातले होते. मी हळहळलो. घरधनी वयाने माझ्याएवढेच, ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमाले पाह्याले बरं वाट्टे. एक पावसाळा राह्याले या, मंग सांगा." मग त्यांनी हिशेब सांगितला. वारस अकरा, जिना एक. धाबे दरसाल गळते, माती टाकणारा माणूस मिळत नाही, मुले पुण्याला. त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. निघताना त्यांनी एक गाठोडे दाखवले. त्यात चोपड्या होत्या, मोडीत लिहिलेल्या. "हे रद्दीत द्याचं का ठेवाचं, तेवढं सांगा," असे ते म्हणाले. सागवानाचा भाव त्यांना ठाऊक होता, कागदाचा नव्हता. खरे सांगायचे तर मोडी वाचणारा माणूस त्यांच्या दारी यापूर्वी कधी आलाच नव्हता. दोष द्यावयाचा तर तो त्यांच्याआधी आम्हा शिकलेल्यांकडे येतो.

म्हणून आजच्या व्याख्यानाच्या शेवटी मी केवळ हळहळ व्यक्त करून थांबणार नाही. सगळे वाडे राहणार नाहीत, हे मान्य करू. पण तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, कोणताही जुना वाडा उतरण्यापूर्वी त्याची मोजमापे, नकाशा आणि छायाचित्रे घेतली जावीत. शाळा-महाविद्यालयांतली मुले हे काम सुटीत करू शकतील. दुसरी, घरातल्या चोपड्या, पत्रे, खतपत्रे फेकण्याआधी वाचणाऱ्याला दाखवावीत. त्यासाठी दहा-वीस तरुणांनी मोडी शिकावी. कारंज्याच्या बासनांतून अपभ्रंश साहित्य निघाले, तसे या चोपड्यांतून गाडीवानाचे कर्ज आणि सुताराची मजुरी निघेल. तिसरी, निदान एक वाडा गावाने सार्वजनिक म्हणून राखावा. त्याच्या मालकाला उपदेश न करता योग्य मोबदला द्यावा, आणि आत धन्याच्या बैठकीइतकीच जागा जात्याला, तिफणीला आणि सरकीला द्यावी.

मी पाहिलेल्या त्या वाड्याच्या जागी आता दुकाने आहेत. गाठोडे मी घरी आणले आहे. त्यातल्या एका चोपडीत घराच्या दुरुस्तीचा खर्च मांडला आहे: चुना, विटा, खिळे, आणि शेवटी सुताराचे नाव व त्याला दिलेले रुपये. त्या वाड्याच्या कोणत्याही खांबावर हे नाव नव्हते. ते आज आपल्या जिल्ह्यात एवढ्या एका ओळीत उरले आहे.

येत्या रविवारी सवड काढून कारंज्यास जा. दिल्ली वेशीतून आत शिरा. एखाद्या दिंडी दरवाजाशी थांबून घरच्या आजीबाईंना विचारा, "आजी, हे घर कोणी बांधलं?" त्या आपल्याला बसवून घेतील, पाणी देतील आणि सांगू लागतील. ते लिहून घ्या.